काशीआत्याचं नेट

"नवी आली मैना, पिंजरा नाय या घराला
जांभळीचा फांटा गं, मोकळा तिच्या पायाला"

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पहाटे मैनाने ही ओवी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकली होती. माजघरात जातं घरघरत होतं आणि त्या घरघरीवर कुणाचा तरी आवाज मोकळा फिरत होता. परक्या घरात आपलं नाव कुणी असं गाण्यात घालून घेईल, हे तिच्या मनातही नव्हतं. तो आवाज थोरल्या नणंदेचा, काशीचा. त्यानंतर उमरठच्या डोंगरावरून किती पावसाळे वाहून गेले, पण मैनाच्या कानातला आवाज भिजला नाही, सुकला नाही.

आणि आता तिच्या लेकीचं, मानसीचं लग्न तोंडावर आलं असताना तो आवाज श्रीलंकेत होता.

काशीबाई महाडला एसटी स्टँडच्या मागे खानावळ चालवायची. नवरा गेल्यावर रडत बसायला तिला सवडच मिळाली नव्हती. चूल पेटवली ती पेटतीच ठेवली. वरच्या मजल्यावर प्रियदर्शिनी मॅडम राहायच्या, शाळेत शिकवायच्या, दोन्ही वेळ काशीकडेच जेवायच्या. त्यांचा आणि त्यांच्या मैत्रिणींचा श्रीलंकेचा बेत ठरला तेव्हा त्यांनीच काशीला ओढलं. "काकू, आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलंत. आता थोडे दिवस आयतं जेवून बघा."

काशीने पासपोर्ट काढला. तिकीट निघालं. आणि मग नवऱ्या मुलाची सुट्टी अलीकडे सरकली. तो जहाजावर नोकरीला. त्याच्या सुट्टीमागोमाग लग्नही सरकलं आणि नेमकं त्याच आठवड्यात येऊन बसलं. सगळ्यांना वाटलं, काशी जाणं रद्द करणार. काशी म्हणाली, "तिकीट निघालंय," आणि गेली.

वाडीला बोलायला तेवढं पुरलं. "आत्या इमानात, हळद कोनाच्या हातात?" असं विहिरीवर कुणीतरी म्हणालं आणि ते घरोघरी फिरलं.

कारण मैनाच्या सासरी, उतेकरांच्या घरात हळदीचं जातं फिरायचं ते आत्याच्या ओवीवर. आत्याने नवरीचं तोंड बघायचं, पहिली ओवी द्यायची, मग सवाष्णींनी खुंट्याला हात घालायचा. त्या ओवीत घरातल्या जुन्या बायकांची नावं एकीत एक गुंफलेली असायची, आणि ती गुंफण गळ्यावर गाणारी आता एकटी काशीच उरली होती. जाताना ती म्हणाली होती, "फोनवर तोंड दिसतं ना? मग झालं. मी तिकडून ओवी देते." मैनाने त्या शब्दावर गाठ मारली. मानसीची हळद आत्याच्या ओवीवरच दळायची. वाडी काय म्हणायचं ते म्हणू दे.

महाडच्या बाजारात मैना हळकुंडं निवडत होती तेव्हा पिशवीतला फोन थरथरला. प्रियदर्शिनी मॅडमनी बोलून पाठवलेला निरोप आला होता.

"मैनाताई, एक अडचण आहे. इथलं सिम नुसतं नेटचं आहे, त्यावरून साधा फोन होत नाही. आणि काकूंचं नेट निम्म्याहून जास्त संपलं. मी आपोआप उतरणारं सगळं बंद करून दिलंय, पण त्या बसमध्ये बसून तुमच्या वाडीच्या ग्रुपवरचा एकेक व्हिडिओ स्वतः उघडतात. मांडव उघडतात, भांडी उघडतात, परवा कुणीतरी शेण सारवतानाचा टाकला होता, तोही दोनदा बघितला. हळदीच्या सकाळी आम्ही डोंगरातल्या रस्त्यावर असणार, हॉटेलचं वायफाय नसणार. तेव्हा हेच नेट लागणार आहे. माझं तर मी फोटो पाठवून केव्हाच उडवलंय. काकूंना मी सांगून दमले. तुम्हीच काहीतरी करा."

मैनाने हळकुंडं तशीच सुपात टाकली आणि नागसेनच्या मोबाइलच्या दुकानात गेली. काशीचा फोन त्यानेच लावून दिला होता.

"तिच्या सिममधी इथून भर ना रे बाबा."

"बघितलं काकू. तिकडची कंपनी आपलं कार्ड घेत नाही. आणि दुकान शोधायला त्यांची बस थांबत नाही."

"मग वाचवायचं कसं?"

नागसेन हसला. "काकू, टाइप केलेलं पोटाला काही लागत नाही. बोलून पाठवलेलं थोडं खातं. फोटो घास घेतो. आणि व्हिडिओ आख्खं ताट उचलतो. त्यांच्या ताटात तुम्ही वाडीभर मिळून जेवताय."

"म्हंजे खानारे आमीच?"

"तुम्हीच. त्या बिचाऱ्या नुसतं बघतात."

पोलादपूरला गाडी बदलून मैना वाडीत पोचेपर्यंत तिने मनात सगळं मांडून ठेवलं होतं. ओटीवर तिचा धाकटा दीर अनिल बसला होता. मे महिन्यात मुंबईकर गावी आले की पाहुणे कमी आणि फोन जास्त होतात. अनिल आल्यापासून ग्रुपवर मांडवाचा प्रत्येक खांब चढला होता.

"अनिलभावजी, आजपासनं ग्रुपवर काय टाकायचं नाय. वन्संचं नेट संपतंय."

"अरे, टेन्शन कशाला घेतेस वयनी? मैं हूँ ना. आत्ता सगळ्यांना सांगतो."

तो उठून वरच्या कातळावर गेला. वाडीत धड रेंज फक्त तिथे, पाण्याच्या टाकीपाशी. थोड्या वेळाने परत आला तो खूश होऊन. त्याने स्वतःचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता: मागे डोंगर, पुढे अनिल, गळ्यात टॉवेल, आणि भाषण की ताईच्या नेटसाठी कोणीही व्हिडिओ टाकू नये. चांगला लांबलचक. त्यावर वाडीतल्या झाडून सगळ्यांनी हात जोडलेले, फुलं उधळलेली आणि दिवे हलणारी चित्रं पाठवून होकार दिला होता.

"कोनी बघितला रे?" मैनाने विचारलं.

"सबने. ताईने पन. निळी खूण आली."

मैनाने कपाळाला हात लावला नाही. तिने चपला घातल्या.

त्या संध्याकाळी ती घर न घर फिरली. म्हाताऱ्यांना समजावलं, तरण्यांना दटावलं. कुणी म्हणालं, आम्ही तर नुसता शुभ सकाळचा गुलाब टाकतो. मैना म्हणाली, लग्न होईपर्यंत गुलाब झाडावर ठेव. कुणी म्हणालं, आमचा नातू रांगायला लागलाय, तो आत्याला दाखवायचाय. मैना म्हणाली, ती येईपर्यंत चालायला लागंल, चालताना दाखव. शेवटच्या घरातल्या सूनबाईने हळूच विचारलं, "काकी, आत्याला लगीन बघायचं होतं तर गेल्या कशाला? आनि बघायचंच नव्हतं तर व्हिडिओ कशाला उघडतात?" हा प्रश्न तिच्याही पायात काट्यासारखा मोडून राहिला होता. चालताना मधूनच टोचायचा.

घरी येऊन बघते तर नवरा, रावजी, फोन बंद करून फडताळात ठेवत होता.

"तुमी कशाला बंद केलाव?"

"माझा बंद असला की तिचा वाचंल ना जरा."

"अवो, तुमचं नेट वायलं, तिचं वायलं. तुमचं वाचून तिच्याकडं कसं जानार?"

रावजीने फडताळाचं दार लावलं. "तरी असू दे बंद," तो म्हणाला. "तेवढंच माझ्याकडून."

मैनाला हसू आलं आणि लगेच गिळावंही लागलं. बहिणीला 'जाऊ नको' म्हणायला या माणसाची जीभ उचलली नव्हती, आणि आता तो तिच्यासाठी फोनचा उपास धरून बसला होता.

ग्रुप गप्प झाला. सकाळी गुलाब नाही, दुपारी मांडव नाही. प्रियदर्शिनी मॅडमनी टाइप करून कळवलं: "काकू आज दिवसभर खिडकीबाहेर बघत होत्या. मधेच म्हणाल्या, वाडी झोपली काय. मी सगळं सांगितलं, तुम्ही घरोघर फिरलात ते. नेट आहे तेवढंच आहे."

एवढ्यावर निभलं असतं. पण पत्रिका द्यायला महाडला गेलेल्या मानसीला नागसेनने अडवून विचारलं, "तुमच्या माजघरात रेंज आहे का गं? फोन तुटला-जुळला की दर वेळी आत्याचंच नेट जाणार."

मानसी घरी आली ती हेच सांगत. माजघरात फोन धरला, रेंज नाही. ओटीवर एक काडी आली आणि गेली. परसात फणसाखाली जरा आली, पण फणसाची पानं हलली की तीही हलायची. रेंज कातळावर, आणि जातं माजघरात.

"ओवी आधीच म्हणवून घेऊ," अनिल म्हणाला. "रात्री हॉटेलच्या वायफायवर रेकॉर्ड करून पाठवू दे. सिंपल."

"नाय," मैना म्हणाली. "आत्यानं नवरीचं तोंड बघून द्यायची ती ओवी. डबीतली नको."

"मग काय कातळ घरात आननार?"

मैनाने माजघरात जाऊन जात्याच्या वरच्या तळीवर हात ठेवला. थंड, गुळगुळीत, किती जणींच्या हातांनी घासलेली. "कातळ कशाला? जातंच वर नेऊ."

हे ऐकून शेजारची तान्हूआजी काठी टेकत आली. वाडीतलं शास्त्र तिच्या तोंडात असायचं. तांबूल थुंकायचा तेवढा वेळ सोडून. "अगो, जातं उंबऱ्याभायेर काढतात काय कदी?"

"चूल मांडवात जाते ती चालते ना आजी? मग जात्याचे काय पाय मोडलेत?"

"पाय नसतातच गो त्याला."

"म्हणून तर मानसं नेनार."

आजी तिथेच काठी टेकून उभी राहिली. चारचौघांनी दोन्ही तळ्या सुट्या केल्या, दोराने वाशाला बांधल्या. रावजी पुढे, अनिल मागे. खालची तळी चढावर नेताना अनिलचा दम निघाला. "वयनी, इस से अच्छा टॉवर खाली आणला असता." रावजी काही बोलत नव्हता. वाशाखालचा खांदा बदलून तो नुसता चढत होता, आणि मैना मागून गोणपाट, सूप आणि हळकुंडं घेऊन.

हळदीच्या सकाळी कातळावर जातं मांडलं. कातळ अजून तापला नव्हता. गोणपाटावर सवाष्णी बसल्या, हिरवे चुडे भरलेल्या. मानसीला पाटावर बसवलं. खाली वाडीची कौलं दिसत होती, पलीकडे आंबेनळी घाटाकडे चढत गेलेले डोंगर. फोन कुणाच्या हातात द्यायचा यावर थोडं भांडण झालं आणि तो मैनाकडेच राहिला.

फोन लागला.

काशीच्या मागे चहाचे हिरवे मळे होते आणि डोक्यावर मॅडमची उन्हाची टोपी. बायका फिसकन हसल्या. "आत्या मडमीन झाली गो."

"हसा. परत आल्यावर बघते एकेकीला." काशीचा आवाज लांबून आला तरी तोच होता. मग तिचे डोळे बारीक झाले. "जातं कुठं मांडलंत हे?"

"कातळावर. घरात रेंज नाय."

"भिंती नायत?"

"कुठल्या भिंती वन्सं? आभाळ हाय."

काशीने फोन जवळ घेतला. "मानसीला दाखव."

मैनाने फोन वळवला. आत्या आणि भाची एकमेकींकडे बघत राहिल्या. मानसीने हसायचा प्रयत्न केला आणि तिचा ओठ वाकडा झाला. "रडू नको," काशी म्हणाली, "काजळ उतरंल. खुंट्याला कोन कोन हाय?"

मैनाने एकेकीचा चेहरा दाखवला.

"तान्हूकाकी कुठाय?"

तान्हूआजी टाकीच्या सावलीत बसली होती, अर्धी पाठ करून, पांढरा पदर कानावरून ओढून. मैनाने फोन तिकडे फिरवला. काशी बघत राहिली. तिचं तोंड हलेना.

"अडकला वाटतं," रावजी म्हणाला.

"नाय अडकला बाबा. आत्याची पापनी लवतेय," मानसी म्हणाली.

"ताई, दे ना ओवी. नेट जळतंय," अनिल म्हणाला.

"काकीला जात्याला बसवा," काशी म्हणाली. "मग देते."

खुंट्यावरचे चुडे एकमेकांना लागून किणकिणले, तेवढंच. आजीने ऐकलं होतं. तिने पदर आणखी पुढे घेतला. "नको गो काशे. माझा हात हळदीला कशाला? पोरीचं शुभकार्य हाय."

"तूच शिकवलीस ना मला ओवी, काकी? तुझी ओवी चालते तर हात का नाय?"

वाडीतल्या बायका मैनाकडे बघू लागल्या. लेक तिची, हळद तिची, निर्णयही तिचाच होता. मैनाला सगळ्यांच्या नजरा जाणवल्या, आणि फोनच्या काचेत थांबलेली ती एक नजरही. तिने फोन मानसीच्या हातात दिला आणि ती गोणपाटावर बाजूला सरकली, एका माणसाची जागा होईल इतकी.

"आजी, या."

"मैने, लोक बोलतील."

"बोलू दे. ग्रुपवर टाकायला बंदी हाय, तोंडानं बोलतील तेवढंच."

आजीला हसू आलं. उठायला मात्र वेळ लागला. शेवटी रावजीने जाऊन तिला हात दिला. ती जात्यापाशी बसली, आणि तिचा सुरकुतलेला, मोकळ्या मनगटाचा हात हिरव्या चुड्यांमध्ये खुंट्यावर आला. कुणीही आपला हात काढून घेतला नाही.

मग काशी गायला लागली.

"सखू पणजीबाय, डोंगराची तू पायरी
मानसी निघाली गं, ठेव हात तिच्या शिरी

भागी माझी आय, तुझा पदर आभाळाला
सावली कर गं, तुझ्या नातीच्या कपाळाला"

जातं फिरलं. मैनाने हळकुंडांचे तुकडे वरच्या तोंडात सोडले. पहिल्यांदा ते कडाकडा वाजले, मग आवाज दबला, आणि तळ्यांमधून पिवळी रेघ बाहेर सरकली. नावं येत गेली: सखू, भागी, जनी, चंद्रा. फोन तुटला नाही. एकदा काशीचा चेहरा चौकोन चौकोन झाला, पण आवाज चालत राहिला, आणि पुन्हा चेहराही जागेवर आला. तान्हूआजी ओठांतल्या ओठांत प्रत्येक नावाला साथ देत होती. शेवटच्या नावावर ओवी मिटली तेव्हा मानसीच्या गालांवर काजळ खरंच उतरलं होतं.

"झाली गो तुझी हळद," काशी म्हणाली.

अनिलने विचारलं, "ठेवू का ताई? नेट..."

"थांब." काशीने मान वळवली. "मॅडम, किती उरलंय?"

मागून प्रियदर्शिनी मॅडमचा आवाज आला. "बरंच आहे, काकू. मैनाताईंनी राखलंय. बोला तुम्ही."

मैनाने मानसीकडून फोन घेतला. इतके दिवस टोचत राहिलेलं ते आता तिच्या तोंडात आपोआप आलं. "वन्सं, एक विचारू? तिकीट मोडता आलं असतं ना?"

"आलं असतं."

"मग का गेलात?"

काशीने टोपी काढून मांडीवर ठेवली. मळ्यातल्या वाऱ्याने तिचे केस कपाळावर आले; ते तिने मागे केले नाहीत.

"बोलनार नव्हते. पन तू माझ्यासाठी एवढं नेट राखलंस, आनि ते मी खोट्यावर कशाला घालवू? तुझ्या लेकाच्या, स्वराजच्या लग्नात मोकळ्या कपाळाची म्हनून ओवी मी पडवीत बसून दिली, मैना. मधे भिंत होती. आवाज माजघरात गेला, मी नाय गेले. कोनी मला हाकललं नाय. तूच पाट मांडलास, तूच च्या आनून दिलास, एवढं मायेनं केलंस की मला तोंड उघडता आलं नाय. मानसीची तारीख सरकली तेव्हा सगळे हळहळले. मला बरं वाटलं. म्हटलं, भिंतीपलीकडून गायचं ते समुद्रापलीकडून गाऊ. तिथं निदान भिंत दिसनार नाय. पन रोज तुमचे व्हिडिओ बघत होते. त्यात सगळं दिसायचं, मांडव, सूप, शेनानं सारवलेलं माजघर, आनि मी त्यात माझी बसायची जागा शोधायचे. आता परत येते ती भिंतीआड बसायला नाय, मैना. या घरातली पुढची हळद मला खुंटा धरून दळायचीय."